आंब्याच्या कोयीसारखा दगड आणि इतर प्रश्न

गेल्या लेखात गंगापूरच्या हातकुऱ्हाडींबद्दल लिहिले होते. आपल्या नाशिकच्या उशाशी, गोदावरीच्या जुन्या दगडगोट्यांच्या थरात आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली. डॉ. ह. धी. सांकलिया यांनी त्यांचा अभ्यास केला आणि १९५२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तो प्रसिद्ध केला, एवढी हकीकत त्यात होती. त्यावर इतके प्रश्न आले की मी हरखून गेलो. सगळ्यांना उत्तरे देणे शक्य नाही, पण ज्यांत अनेकांच्या मनातले आले आहे असे आठ प्रश्न निवडले आहेत.

द्राक्षबागेसाठी चारी घेताना जेसीबीने तीन फुटांवरून आंब्याच्या कोयीसारखा काळा दगड काढला. एक टोक निमुळते, दुसरे गोल, मुठीत बरोबर बसतो. हे हत्यार आहे की नुसताच दगड? तीन फोटो पाठवत आहे. (शेतकरी, गिरणारे)

फोटो नीट पाहिले. पहिली विनंती अशी की दगडाला लावलेले तेल पुन्हा लावू नका. दगड उठून दिसावा म्हणून तुम्ही ते लावलेत हे कळते, पण तेलाने जुना आणि नवा घाव एकाच रंगाचे दिसू लागतात आणि आपल्याला नेमका तोच फरक पाहायचा असतो.

मुठीत बसतो हा पुरावा धरू नका. नदीतले निम्मे गोटे मुठीत बसतात. आकारही शेवटी पाहायचा. कारण आपला काळा पाषाण झिजतो तो कांद्यासारखा, एकावर एक पापुद्रे सुटत. त्यातून कधी कधी असे देखणे आकार तयार होतात की चांगले जाणकार फसतात. म्हणून आधी घाव वाचायचे.

शहाळेवाला शहाळे तासतो ते आठवा. कोयत्याच्या प्रत्येक घावाला एक चकती उडते आणि तिथे उथळ खाच राहते. दोन खाचा जिथे भेटतात तिथे धार उभी राहते. हातकुऱ्हाडीचे असेच असते. दगडावर दगड मारला की घाव बसलेल्या बिंदूपासून जोर आत पसरत जातो आणि एक छिलका सुटतो. छिलक्याच्या आतल्या अंगाला घावाच्या जागेशी लहानसा फुगवटा असतो, आणि मूळ दगडावर त्याच जागी तेवढाच खळगा. असे खळगे एकाच कडेवर ओळीने दिसले, दगड उलटला की त्याच कडेवर मागूनही दिसले, आणि दोन्हीकडचे खळगे मिळून एक नागमोडी धार झाली, तर तिथे हात आणि डोके दोन्ही चालले आहेत असे समजावे. नदीच्या पुरात गोटे एकमेकांवर आपटतात, छिलके तेव्हाही उडतात. पण ते कुठेही, कसेही उडतात. एकाच कडेला आलटून-पालटून घाव घालणे पुराला जमत नाही.

तुमच्या दुसऱ्या फोटोत डाव्या कडेला तीन खळगे ओळीने आहेत. तिसऱ्या फोटोत त्याच कडेवर मागून दोन दिसतात. पाचही खळग्यांवर सारखीच मळकट, तपकिरी कळा आहे, म्हणजे ते एकाच काळातले आणि जुने आहेत. गोल टोकाजवळचा निळसर-काळा टवका मात्र ताजा आहे, तो जेसीबीच्या दाताचा. फोटोवरून शिक्का मारू नये हा आमच्या कामातला नियम आहे, तरी माझा कौल हातकुऱ्हाडीकडे झुकतो.

आता माझे तुम्हाला प्रश्न. तीन फुटांवर म्हणजे काळ्या मातीतच, की त्याखालच्या गोट्यांच्या आणि चुनखडीच्या थरात? तो थर चारीच्या भिंतीत अजून दिसत असेल, तर चारी बुजवण्याआधी त्या भिंतीचा फोटो काढा. शेजारी फूटपट्टी किंवा टेप धरा. जागेला खुंटी मारा. दगड धुऊ नका, कोरड्या कागदात गुंडाळा आणि राज्य पुरातत्त्व विभागाच्या सरकारवाड्यातल्या कार्यालयात कळवा. शेत जाईल ही भीती तुम्ही फोनवर बोलून दाखवलीत. एक दगड निघाला म्हणून कोणाची जमीन जात नाही. संरक्षित स्थळ जाहीर करायचे तर रीतसर अधिसूचना काढावी लागते आणि हरकतींसाठी मुदत द्यावी लागते. बाग लावा. फक्त त्या भिंतीचा फोटो आधी.

आमच्या पुस्तकात हातकुऱ्हाडीचे चित्र आहे. ती एवढी जाड आहे, तर तिने मांस कसे कापायचे? आणि कुऱ्हाड म्हणता तर तिला दांडा का नाही? (इयत्ता सहावी, इंदिरानगर)

बाळा, तुला पडलेली शंका मोठमोठ्या संशोधकांनाही पडली होती, आणि तिचे उत्तर त्यांनी पुस्तकात न शोधता दगड फोडून शोधले.

मीही तसेच केले. मटणाच्या दुकानातून कातडीसकट बकऱ्याचा एक पाय आणला आणि अंगणात बसून काळ्या पाषाणाचा एक छिलका काढला. तुझ्या तळहाताएवढा, एका बाजूला कागदासारखा पातळ. त्याने कातडीवर नुसती रेघ ओढली आणि कातडी उसवल्यासारखी उघडत गेली. मला जोरच लावावा लागला नाही. पाचेक मिनिटांनी मात्र धारेवर चरबी चढली, छिलका बोटांत सरकू लागला आणि धारही बसली. मग मी तो टाकला आणि दुसरा काढला. आदिमानवही हेच करत असणार. नवा छिलका काढायला फार तर एक मिनिट लागते.

तेव्हा कापण्याचे काम छिलक्याचे. जाड हातकुऱ्हाड जड कामाला. बकऱ्याचा सांधा मी तिने सोडवला आणि नळीचे हाड तिच्या बोथट बाजूने फोडले. नळीतला मगज तुला आवडतो की नाही ठाऊक नाही, पण त्या माणसांना तो फार मोलाचा होता, कारण त्यात भरपूर चरबी असते आणि वाघ-तरसांनी मांस खाऊन संपवले तरी नळीच्या आतला मगज शिल्लक राहतो. जमीन उकरून कंद काढणे, झाडाची साल सोलणे, काठीला टोक काढणे हीही हातकुऱ्हाडीची कामे. आणि एक गंमत पाहा, तिच्यापासून हवे तेव्हा छिलकेही काढता येतात. म्हणजे ती हत्यारही होती आणि बरोबर नेता येणारा दगडाचा साठाही.

दांडा नव्हता, कारण ती थेट मुठीत धरत. म्हणूनच तिचे एक टोक बऱ्याचदा गोलसर ठेवलेले असते. लाकडाला दगड बसवायची युक्ती माणसाला फार नंतर साधली. त्यासाठी डिंक किंवा राळ गरम करायची, चामड्याची वादी किंवा स्नायूचा तंतू गुंडाळायचा, आणि हे सगळे वाळेपर्यंत थांबायचे. पुढचा बेत मनात धरून आज थांबणे ही मोठी बुद्धी आहे.

हे सगळे कशावरून, असे तू विचारशीलच. रशियातल्या सेम्योनोव्ह नावाच्या संशोधकाने दगडी धारा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सुरुवात केली. मांस कापले, लाकूड तासले, कातडे खरवडले, की प्रत्येक कामाची धारेवर वेगळी झीज आणि वेगळी चकाकी उरते. गवत किंवा धान्याची ताटे कापली तर काचेसारखी झळाळी येते, कारण त्या ताटांत वाळूतलेच सिलिका असते. जनावरांच्या हाडांवरही दगडी पात्याच्या चिरा सापडतात.

पुस्तकातल्या ‘अश्मयुग’ या शब्दापाशी मात्र थोडे थांब. त्या माणसांकडे लाकडाच्या, चामड्याच्या, वेलींच्या वस्तू दगडापेक्षा जास्त असणार. त्या कुजल्या. जर्मनीत एका कोळशाच्या खाणीत चिखलाखाली लाखो वर्षे टिकून राहिलेले लाकडी भाले मिळाले, म्हणून आपल्याला त्यांची खात्री तरी पटली. आपल्याकडच्या उष्ण, दमट मातीत असे लाकूड टिकत नाही.

आदिमानव दोन गारगोट्या एकमेकींवर घासून आग पेटवत असे ना? आम्ही लहानपणी अंधारात घासायचो, ठिणगी दिसायची. (देवळाली कॅम्प)

अंधारात उजेड दिसतो हे खरे, जळकट वासही येतो. पण त्या उजेडाने कापूस पेटत नाही, हे तुम्ही तेव्हाच अनुभवले असेल. जुनी माणसे कनवटीला चकमक बाळगत, तिच्यात गारगोटीबरोबर पोलादाचा तुकडा असे. पेटवणारी ठिणगी त्या पोलादाची. गारगोटीची धार पोलादाचा बारीक कण खरवडते आणि तो कण हवेत जळतो. लोखंड हाती येण्याआधी हे काम माक्षिकाने, म्हणजे सोनेरी दिसणाऱ्या लोहयुक्त दगडाने, होऊ शके. दुसरा मार्ग लाकडावर लाकूड घासण्याचा. यज्ञात अरणीमंथनाने अग्नी काढतात तो हाच. नैसर्गिक वणव्यातला विस्तव आणून जपून ठेवणे त्याहूनही जुने असावे. दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत सुमारे १० लाख वर्षांपूर्वीच्या जाळाच्या खुणा आहेत.

लाखो वर्षे, लाखो वर्षे असे लिहिता, पण दगडावर तारीख कोरलेली नसते. मग हे आकडे येतात कुठून? (निवृत्त अभियंता, गंगापूर रोड)

विचारलेत ते फार बरे केले. आकडे ऐकून मान डोलावणारे पुष्कळ असतात.

दगडाचे वय काढून उपयोग नसतो. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. कालचा टवका आणि हातकुऱ्हाड, दोन्ही त्याच वयाच्या दगडाची. आपल्याला हवा असतो तो दगड गाडला गेल्याचा काळ, म्हणून तारीख थराला विचारावी लागते.

थर वेगवेगळ्या तऱ्हांनी उत्तर देतो. चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कम इथे शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी गाडल्या गेलेल्या दगडांतली बेरिलियम आणि ॲल्युमिनियम यांची किरणोत्सारी रूपे मोजली. उघड्यावर पडलेल्या दगडात अवकाशातल्या किरणांमुळे ती तयार होतात, दगड खोल गाडला की तयार होणे थांबते आणि दोन्ही आपापल्या वेगाने घटत जातात. त्यावरून तिथल्या हातकुऱ्हाडी सुमारे १५ लाख वर्षांच्या ठरल्या. २०११ साली हे प्रसिद्ध झाले. कर्नाटकातल्या इसामपूरला जनावरांच्या दातांवरच्या कठीण आवरणावरून सुमारे १२ लाख वर्षे आली. हाडे, कोळसा, शिंपले यांच्यासाठी कार्बन पद्धत आहे, पण तिची धाव सुमारे ५० हजार वर्षांपर्यंतच. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला सा. अ. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे मिळाली, त्यांचे वय सुमारे २५ हजार वर्षे निघाले. पाटणादेवीला दर्शनाला जाता ना, त्याच परिसरातली ही गोष्ट. त्या कवचांपैकी एकावर कोरलेली नक्षी आहे आणि काहींचे मणी केलेले आहेत. खानदेशात शहामृग हिंडत होते आणि कोणीतरी त्यांच्या अंड्याच्या कवचाला दगडी टोच्याने भोके पाडत बसले होते! मी हे कितीदा शिकवले असेल, पण सांगताना अजून अंगावर काटा येतो.

आता अडचणीची बाजू. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी इथे हातकुऱ्हाडींच्या सोबत ज्वालामुखीच्या राखेचा थर मिळाला. राखेचे वय काढता येते, म्हणून सगळ्यांना आनंद झाला. पण एका चमूने राखेचे वय १४ लाख वर्षे काढले, दुसऱ्याने पावणेसात लाखांच्या आसपास, आणि तिसऱ्यांनी ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या ७५ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटातली ठरवली. राख एक, उत्तरे तीन, आणि तिन्ही अभ्यासू माणसांची. गोदावरीचे तर विचारूच नका. नदीने आपले गोटे पुन्हा पुन्हा उचलले आणि पुन्हा पुन्हा टाकले. काही हातकुऱ्हाडींच्या धारा वाहून वाहून गुळगुळीत झालेल्या दिसतात. म्हणून नाशिकच्या हातकुऱ्हाडींपुढे मी नेमका आकडा लिहीत नाही. घडण पाहता त्या हजारांतल्या नाहीत, लाखांतल्या आहेत.

तुलनेसाठी एवढे ध्यानात ठेवा: केनियातल्या लोमेक्वीची ओबडधोबड दगडी हत्यारे ३३ लाख वर्षांपूर्वीची, इथिओपियातल्या गोना इथले छिलके २६ लाखांचे आणि सर्वांत जुन्या हातकुऱ्हाडी, पुन्हा केनियातल्याच, साडेसतरा लाखांच्या.

पांडवलेणी दगडी हत्यारांनी कोरली का? (सातपूर)

नाही. ती सुमारे २ हजार वर्षांपूर्वीची, सातवाहन आणि क्षत्रपांच्या काळातली आहेत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे आणि सातवाहन राणी गौतमी बलश्रीचे लेख तिथेच कोरलेले आहेत. तोवर लोखंडी छिन्नी-हातोडा चांगला रुळला होता. कमी उजेडाच्या खोलीत भिंतीवर बॅटरी तिरपी धरली, की छिन्नीच्या समांतर रेघा स्पष्ट दिसतात.

माझ्या सासूबाईंचा पाटा-वरवंटा घरात आहे. मिक्सर आल्यापासून कोणी वापरत नाही. सून म्हणते, जागा अडते, देऊन टाका. तोही अश्मयुगीनच म्हणायचा का? (एक आजी, पंचवटी)

आजी, घराणे तेच, शाखा वेगळी. हातकुऱ्हाड फोडून बनते. पाटा टाचून आणि घासून. लोखंड येण्याआधी हे टाचणे कठीण गोट्याने करत, नंतर टाकीने. टाचून घासून दगड घडवण्याची ही रीत धान्य पेरणाऱ्या माणसांबरोबर फोफावली. नेवासे, इनामगाव इथल्या ताम्रपाषाण काळातल्या घरांत पाटे आणि वरवंटे मिळाले आहेत. ती माणसे धान्यही असेच मागे-पुढे रगडून दळत. गोल फिरणारे जाते त्यांच्या नंतरचे.

एक करून पाहा. वरवंटा सपाट फरशीवर ठेवून हळूच लोटा. तो सरळ न जाता एका अंगाला वळला, तर ते टोक जास्त झिजले आहे असे समजा. सासूबाई त्या हाताने जास्त जोर देत होत्या. पाट्याच्या मधला खोलगटपणा हाताने चाचपा, तो किती वर्षांच्या चटण्यांचा आहे ते तुम्हालाच ठाऊक. उत्खननात मिळालेल्या पाट्यापुढे बसून आम्ही हेच करतो, फक्त आम्हाला त्या बाईचे नाव कळत नाही.

देऊन टाकू नका एवढेच सांगतो. तुमच्या घरातल्या बारशांना याच वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून फिरवले असेल. सुनेला ते दिवस सांगा. आणि टाकी लावणारा दारावरून गेला तर त्याला हाक मारा. तो घाव कसा घालतो ते तिलाही पाहू द्या.

सिन्नरच्या बाजूला एका डोंगरउतारावर मला नखाएवढी, लाल, हिरवी, दुधी रंगाची दगडी पाती मिळतात. डबाभर जमली आहेत. एक ओळखीचा माणूस पैसे देतो म्हणतो. विकू का? (सिन्नर)

विकू नका. ‘का’ ते सांगायला जरा जागा घेतो, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

आधी तुमच्याकडे काय आहे ते. यांना सूक्ष्मास्त्रे म्हणतात. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत गारगोटी, अकीक, जॅस्पर असे दगड भरले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात झिओलाइटचे स्फटिक तुम्ही पाहिले असतील, तेही अशाच पोकळ्यांतले. काळ्या पाषाणापेक्षा हे दगड बारीक पोताचे, त्यांची धार वस्तऱ्यासारखी. पण गोटे लहान, त्यामुळे हत्यारही लहानच होणार. आदिमानव आधी काळ्या पाषाणाच्या मोठ्या हत्यारांवर होता, नंतर या रंगीत दगडांकडे वळला. हा बदल प्रवरेकाठी नेवाशाला इतका स्पष्ट दिसला की मधल्या पुराश्मयुगातल्या त्या हत्यारांना ‘नेवासी’ असे नावच पडले.

तुमची नखाएवढी पाती त्याहूनही अलीकडची. ती एकेकटी वापरत नसत. लाकडाच्या किंवा हाडाच्या दांड्याला खाच पाडून ती ओळीने राळेत बसवत, त्यातून विळा, सुरी, बाणाचे टोक तयार होई. एक पाते तुटले तर तेवढेच बदलायचे. तांबे आल्यावरही ती टिकून राहिली. १९५०-५१ साली सांकलिया आणि शां. भा. देव यांनी आपल्या जुन्या नाशकात मातीच्या गढीवर आणि संगमनेरजवळ जोर्वे इथे उत्खनन केले. गढीच्या सर्वांत खालच्या थरात रंगवलेल्या मडक्यांबरोबर अशी बारीक दगडी हत्यारे होती. जोर्व्याला तांब्याच्या सहा कुऱ्हाडी आणि एक बांगडी मिळाली. तांबे दुर्मीळ, म्हणून रोजची कापाकापी दगडी पात्यांनीच चाले.

आता तुमचा डबा. विद्यार्थी असताना मीही असाच एक डबा भरला होता. चाळीसएक पाती, तीन डोंगरांवरची, सगळी एकत्र. सरांनी एक पाते उचलून विचारले, “हे कुठले?” मला सांगता येईना. त्यांनी ते परत डब्यात ठेवले आणि दुसऱ्या मुलाकडे वळले. तो डबा अजून माझ्याकडे आहे. त्यातले एकही पाते कुठल्याही अभ्यासात वापरता आलेले नाही.

तुमच्या हातात अजून वेळ आहे, कारण जागा तुम्हाला आठवते. प्रत्येक जागेची पाती वेगळ्या पुडीत बांधा. मोबाइलवर त्या जागेचे अक्षांश-रेखांश पाहून चिठ्ठीवर लिहा, सापडल्याचा महिना लिहा, आणि चिठ्ठी पुडीच्या आत ठेवा. आठवत नसेल त्या पुडीवर तसे लिहा, अंदाजाने गाव घालू नका. यापुढे उचलू नका. तुम्ही सुंदर पाती उचललीत तेव्हा भोवतीचे बेढब तुकडे तिथेच राहिले असतील. पाती तिथेच घडवली की बाहेरून आणली हे त्या तुकड्यांवरून कळते. पुरातत्त्व विभागाला किंवा डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांना तो उतार नेऊन दाखवा.

कायद्याचे म्हणाल तर १९७२ चा पुरावस्तू अधिनियम परवान्याशिवाय अशा वस्तूंचा व्यापार करू देत नाही, आणि खासगी माणसाने त्या देशाबाहेर नेणे हा गुन्हा आहे. जमिनीत पुरलेली मौल्यवान वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, हे तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमापासून सांगितलेले आहे. ओळखीच्या त्या माणसाला हे वाचून दाखवा.

व्हिडिओ पाहून हातकुऱ्हाड बनवायला बसलो. दगड फुटतो, पण छिलका निघत नाही. काय चुकते? (महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिकरोड)

तू दगडाच्या मधोमध मारतो आहेस. छिलका कडेवरून निघतो.

दगड निवडताना दुसऱ्या दगडाने वाजवून पाहा. खणखणीत वाजला तर घे. बद्द वाजला तर आत भेग आहे, सोडून दे. पाथरवट अजून असेच पारखतात. मारण्यासाठी मुठीएवढा, गोल, गुळगुळीत, चिवट गोटा हवा. मग दगडाची अशी कड शोध जिथे वरचा पृष्ठभाग आणि बाजू यांच्यातला कोन काटकोनापेक्षा कमी आहे. कोन मोठा असेल तर कितीही जोर लाव, घाव आत मुरेल. कडेपासून थोडे आत, आणि घाव असा घाल की गोटा पुढे निसटून जाईल. हातोडीसारखा ठोकून थांबवू नकोस. छिलका खालच्या बाजूने सुटतो आणि मांडीवर येतो, म्हणून मांडीवर जाड चामड्याचा तुकडा हवाच. छिलका निघालेल्या खळग्यातून पुढचा घाव उलट्या बाजूने घालायचा. असे आलटून-पालटून गेलास की धार आपोआप नागमोडी होते. पहिले पंधरा-वीस दगड वाया जातील, त्यांची मोजदाद ठेव.

गुजरातेत खंभातला जायला मिळाले तर अकीकाचे कारागीर पाहा. ते जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळईच्या टोकावर दगड टेकवतात आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने मारतात. घाव वरून पडतो, छिलका खालून सळईपाशी सुटतो. लांब, सरळ पाती काढताना थेट दगडाने न मारता असा मधला टप्पा घेण्याची युक्ती फार जुनी आहे.

त्याच कारागिरांना दगडाच्या धुळीने सिलिकोसिसचा आजार होतो, फुप्फुसे कायमची निकामी होतात. म्हणून खोलीत किंवा गच्चीच्या जिन्यात बसू नकोस. उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेकडे पाठ न करता वारा आडवा येईल असा बस. नाकावर चांगला मास्क आणि डोळ्यांवर बंद चष्मा घाल. गारगोटीपेक्षा काळ्या पाषाणावर शिक. त्याच्या धुळीत धोका कमी आहे, पण नाही असे नाही.

दगड खडी केंद्रावरून विकत आण. नदीपात्रातून, किल्ल्यावरून किंवा जिथे जुनी हत्यारे मिळतात त्या जागेवरून एकही उचलू नकोस. काम झाले की चादर अंथरली असेल तिच्यावरचे सगळे छिलके, अगदी भुगासुद्धा, गोळा कर. मोठ्या तुकड्यांवर न पुसणाऱ्या शाईने सन लिही आणि गोणी घरी ठेव. गोदाकाठी ओतू नकोस. तिथे कोणीतरी उद्या घाव वाचत येईल, आणि तुझे घाव त्याला खरेच वाटतील.